कर कोण भरतो आणि कोण सोसतो

मी बारा वर्षे एका कारखान्याच्या वेतन विभागात पगारपत्रके तयार केली. पगारपत्रकाच्या एका बाजूला मिळकतीच्या नोंदी असतात आणि दुसऱ्या बाजूला कपातीच्या. कपातीच्या बाजूच्या दोन नोंदींबद्दल माझ्या टेबलापाशी सर्वांत जास्त तक्रारी येत असत : एक प्राप्तिकराची आणि दुसरी युनियनच्या वर्गणीची. तक्रार करणारे बहुधा वेगवेगळे असत. करावर चिडणारा माणूस वर्गणीबद्दल काही बोलत नसे, आणि वर्गणीवर चिडणारा कराला नशिबाचा भाग मानून सोडून देत असे. मीसुद्धा या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध नाही असेच धरून चाललो होतो. एक रक्कम सरकारकडे जाते, दुसरी संघटनेकडे. दोन्ही वजा करून बेरीज जुळली की माझे काम संपत असे.

हा समज एका वेतनकरारानंतर मोडला. संघटनेने अनेक महिने वाटाघाटी करून आणि एक दिवसाचा लाक्षणिक संप करून जवळपास महागाईच्या दराइतकी पगारवाढ मिळवली होती. नव्या दराने पहिला पगार झाला त्या आठवड्यात लेथवर काम करणारे एक ज्येष्ठ कामगार जुने आणि नवे अशी दोन्ही पगारपत्रके घेऊन आले, ती त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आणि शांतपणे विचारले, “साहेब, ही वाढ आम्ही भांडून घेतली. मग तिच्यातला एवढा तुकडा कुणीही न भांडता कसा काय नेला?” कर वाढला असावा असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात कराचे दर आणि टप्पे आदल्या वर्षी होते तेच होते. मी त्यांना टप्प्यांचे गणित समजावले आणि ते त्यांना समजलेही. परंतु त्यांनी जे विचारले होते त्याचे उत्तर मी दिलेच नव्हते, हे त्या रात्री पुन्हा हिशेब मांडून बसलो तेव्हा माझ्या लक्षात आले.

तो हिशेब अगदी साधा आहे. समजा एखाद्याचा पगार १००० आहे, त्यातले पहिले ६०० करमुक्त आहेत आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे. कर होतो १२० आणि हातात पडतात ८८०. आता वस्तूंचे भाव १० टक्क्यांनी वाढले, संघटनेनेही १० टक्के वाढ मिळवली आणि पगार ११०० झाला. मात्र करमुक्त मर्यादा ६०० वरच राहिली. कर होतो १५० आणि हातात पडतात ९५०. पूर्वीइतकीच खरेदी करायची तर ९६८ लागतात. म्हणजे पगार महागाईबरोबर चालला, तरी माणूस १८ ने मागे पडला. पगार १० टक्क्यांनी वाढला आणि कर २५ टक्क्यांनी. अशा करवाढीसाठी कोणत्याही कायदेमंडळात मतदान होत नाही आणि कोणत्याही मंत्र्याला ती भाषणात जाहीर करावी लागत नाही.

ब्रिटनमध्ये १९७५ साली महागाईचा दर २४ टक्क्यांच्या पुढे गेला होता, तेव्हा हे गणित लाखो घरांत एकाच वेळी घडत होते. अखेर १९७७ मध्ये जेफ रूकर आणि ऑड्री वाइज या मजूर पक्षाच्या दोन खासदारांनी आपल्याच सरकारच्या इच्छेविरुद्ध वित्त विधेयकात दुरुस्ती घडवून आणली आणि करमुक्त मर्यादा महागाईबरोबर वाढली पाहिजे, वाढवायची नसेल तर संसदेने तसे उघडपणे ठरवले पाहिजे, असा नियम केला. अमेरिकेत कराचे टप्पे महागाईशी जोडण्याचा कायदा १९८१ मध्ये झाला आणि तो १९८५ पासून लागू झाला. परंतु अशा नियमांनाही आयुष्य बेताचेच असते. ब्रिटिश सरकारने २०२१ मध्ये हे टप्पे पुढील अनेक वर्षांसाठी गोठवण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर आलेल्या महागाईने आपले काम केले. पगारवाढीच्या वाटाघाटी करताना संघटनेच्या प्रतिनिधींपुढे कराचे कोष्टक नसेल, तर ते अर्धाच सौदा करत असतात, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

यापेक्षा खोल असलेली गोष्ट पुढे आहे. कर कोणी भरायचा हे कायदा सांगतो. तो शेवटी कोणाच्या घरखर्चातून जातो हे कायद्याला ठरवता येत नाही. ते ठरते सौदाशक्तीवर. अर्थशास्त्रात याला कराचा भार सरकणे म्हणतात आणि त्याचा नियम कठीण नाही : व्यवहारातील दोन पक्षांपैकी ज्याला बाजूला होता येत नाही, त्याच्या अंगावर कर येऊन बसतो. भांडवल एका देशातून दुसऱ्या देशात काही तासांत जाऊ शकते. कामगाराला म्हातारे आईवडील, मुलांची शाळा, घराचे हप्ते, ओळखीपाळखी हे सगळे मागे ठेवून जाता येत नाही. म्हणून मालकावर बसवलेला कर कामगारापर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक असतात, आणि कामगारावर बसलेला कर मालकाकडे परत पाठवण्याची वाट मात्र जवळपास एकच असते. ती म्हणजे सर्वांनी मिळून अधिक पगार मागणे.

सामाजिक सुरक्षेसाठी कापल्या जाणाऱ्या अंशदानाचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेत निवृत्तिवेतनासाठी कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के कापले जातात आणि तितकेच मालक भरतो. वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी दोघे प्रत्येकी १.४५ टक्के देतात. कागदावर ही निम्मी निम्मी वाटणी आहे. बहुतेक अर्थतज्ज्ञ मात्र असे मानतात की मालकाचा अर्धा हिस्साही कालांतराने कामगारच सोसतो, कारण माणूस कामावर ठेवण्याचा एकूण खर्च मालक आधी धरतो आणि त्यातून ही रक्कम वजा जाता जे उरते ते पगार म्हणून देतो. चिलीमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी मालकांवरील हे अंशदान मोठ्या प्रमाणात कमी झाले, तेव्हा जवळपास तेवढीच वाढ पगारांत झाली, असे अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांच्या अभ्यासात आढळले. तेथे तर कामगार संघटना लष्करी राजवटीने दडपलेल्या होत्या. म्हणजे संघटना नसली तर कामगाराला काहीच मिळत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही, आणि मीही ते म्हणणार नाही.

परंतु स्वीडनचा अनुभव वेगळा निघाला. तेथे २००७ पासून तरुण कामगारांसाठी मालकांनी भरायचे अंशदान सुमारे ३१ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने जवळपास १५ टक्क्यांवर आणले गेले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तरुणांचे पगार त्यांच्याहून थोड्या मोठ्या वयाच्या सहकाऱ्यांपेक्षा वाढायला हवे होते. ते तसे वाढले नाहीत. ज्या आस्थापनांत तरुण जास्त होते आणि म्हणून ज्यांना सवलतीचा मोठा लाभ झाला, तेथे सर्वच वयाच्या कामगारांच्या पगारात थोडी थोडी वाढ झाली आणि आस्थापनांचा विस्तारही झाला. समान कामाला समान पगार ही अपेक्षा जिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे, तिथे करसवलतीचा पैसासुद्धा त्या अपेक्षेच्या पाटातून वाहतो. या दोन देशांची उदाहरणे शेजारी ठेवली की एवढे नक्की कळते की कराचा भार कोठे जाईल, हे केवळ दराच्या आकड्यावरून सांगता येत नाही. कामाच्या जागी पगार कसा ठरतो, कोण ठरवतो आणि कोणाला विचारून ठरवतो, हे पाहावे लागते.

कंपन्यांच्या नफ्यावरील कराचेही असेच आहे. जर्मनीत नगरपालिका आपापल्या हद्दीतील व्यवसायकराचा दर ठरवतात. त्या दरांतील बदलांचा वीस वर्षांचा तपशील तपासणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले की या कराचा जवळपास निम्मा भार कमी पगाराच्या रूपाने कामगारांवर पडतो, आणि त्यातही कमी कौशल्याचे, तरुण व स्त्री कामगार अधिक सोसतात. हे वाचून कंपन्यांवर कर लावूच नये, असा निष्कर्ष काहीजण काढतात. मला तो पटत नाही. उरलेला निम्मा भार तर मालकांवर पडतोच. शिवाय सर्वाधिक कोणी सोसले, या यादीत ज्यांचा पगार ठरवताना कोणी त्यांचे मत विचारत नाही तीच माणसे आहेत. कर कमी केल्याने त्यांची ही स्थिती बदलत नाही. देशादेशांतील करस्पर्धा थोपवण्यासाठी २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचे तत्त्व मान्य केले. भांडवलाच्या बाजूला सरकण्याला थोडा तरी अडसर घालण्याचा तो प्रयत्न आहे.

कर आणि वर्गणी या दोन नोंदींचे नाते किती जुने आहे, हे मला बरेच उशिरा समजले. ब्रिटनमध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धाच्या खर्चासाठी धाकट्या विल्यम पिटच्या सरकारने प्राप्तिकर लावला तो १७९९ मध्ये. त्याच वर्षी, त्याच सरकारने, पगारवाढीसाठी वा कामाचे तास कमी करण्यासाठी कामगारांनी एकत्र येणे हा गुन्हा ठरवला. त्या प्राप्तिकरातून वर्षाला ६० पौंडांपेक्षा कमी मिळकत असणारे सुटले होते, त्यामुळे बहुतेक मजुरांना तो लागूच नव्हता. म्हणून मजूर करमुक्त होते असे मात्र नाही. मीठ, साबण, मेणबत्त्या, चामडे आणि बिअरसाठी लागणारे माल्ट या सगळ्यांवर कर होते, आणि मिठाचा खर्च श्रीमंताच्या घरी गरिबाच्या घरापेक्षा शंभर पटींनी जास्त असत नाही. मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर गरजेच्या वस्तूंवरचा कर खालच्या माणसाला अधिक जड जातो, आणि आजच्या मूल्यवर्धित कराबाबतही, अन्न व औषधांना सूट नसेल तर, तेच घडते. एका हाताने जगण्याच्या वस्तूंवर कर, आणि दुसऱ्या हाताने, त्या वाढलेल्या खर्चासाठी पगार मागायला एकत्र येण्याची बंदी. तो बंदीचा कायदा १८२४ मध्ये रद्द झाला. तरीही १८३४ मध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या खेड्यातल्या सहा शेतमजुरांना, मजुरी घटत चालली म्हणून संघटना काढताना गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून, सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात हद्दपार केले गेले. लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली.

सर्वसामान्य पगारदार प्राप्तिकराच्या कक्षेत आला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत १९३९ मध्ये प्राप्तिकर भरणारे सुमारे ४० लाख होते. १९४५ पर्यंत ते चार कोटींच्या वर गेले. एवढ्या लोकांकडून वर्षाअखेरीस एकरकमी वसुली करणे अशक्य होते, म्हणून पगार देतानाच कर कापून घेण्याची पद्धत अमेरिकेने १९४३ मध्ये आणि ब्रिटनने १९४४ मध्ये सुरू केली. अमेरिकेची ही पद्धत आखणाऱ्यांत तरुण मिल्टन फ्रीडमन होते, आणि सरकारचा आकार लहान असावा असा पुढे आयुष्यभर आग्रह धरणाऱ्या या अर्थतज्ज्ञाला त्या कामाची नंतर खंत वाटली. माझ्यासारख्या पगार कारकुनाची जागा खऱ्या अर्थाने त्या युद्धाने निर्माण केली. या पद्धतीची सोय मी नाकारत नाही. वर्षाच्या शेवटी मोठी रक्कम उभी करण्याची धास्ती तिने संपवली. पण तिचा एक परिणाम असा झाला की पगारदाराचे उत्पन्न काचेच्या पेटीत आले आणि इतरांचे उत्पन्न त्यांच्या स्वतःच्या निवेदनावर राहिले.

आयर्लंडमध्ये हाच मुद्दा रस्त्यावर आला. तेथे पगारातून कर कापण्याची पद्धत १९६० मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या दोन दशकांत प्राप्तिकराचा बहुतेक बोजा पगारदारांवर येऊन पडला. मोठे शेतकरी आणि स्वतंत्र व्यावसायिक यांचा वाटा त्या मानाने फारच थोडा होता. १९७९ च्या अर्थसंकल्पात शेतमालावर २ टक्के आकार सुचवला गेला, शेतकऱ्यांनी विरोध केला आणि सरकारने माघार घेतली. त्यानंतर मार्च १९७९ मध्ये डब्लिनमध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी मोर्चा काढला. जानेवारी १९८० मध्ये कामगार संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या हाकेवरून देशभर निघालेल्या मोर्चांत सुमारे सात लाख लोक उतरल्याचे सांगितले जाते, आणि तेव्हा त्या देशाची लोकसंख्या ३५ लाखांहून कमी होती. या मोर्चांची मागणी कर रद्द करा अशी नव्हती. जो कर आम्ही टाळू शकत नाही तो इतरांनीही आपल्या ऐपतीप्रमाणे भरावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पगाराचा दर सोडून कराच्या वाटपासाठी कामगार संघटनांनी एवढी माणसे रस्त्यावर आणल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि त्या लेथवरच्या कामगाराच्या प्रश्नाला मी आज उत्तर देत असतो तर इथूनच सुरुवात केली असती.

पुढे १९८७ मध्ये, बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास असताना आणि सरकार कर्जात बुडालेले असताना, आयर्लंडच्या सरकारने, मालकांच्या संस्थांनी आणि कामगार संघटनांनी मिळून तीन वर्षांचा करार केला. पगारवाढ वर्षाला सुमारे २.५ टक्क्यांपुरती मर्यादित ठेवायची आणि त्या बदल्यात सरकारने प्राप्तिकर कमी करायचा, असा त्याचा गाभा होता. हातात पडणारा पगार दोन मार्गांनी वाढू शकतो, मालकाकडून किंवा करकपातीतून, हे त्या कराराने उघड मान्य केले. असे करार पुढे वीस वर्षांहून अधिक काळ होत राहिले. संप कमी झाले, रोजगार वाढला, आणि करकपातीमुळे हातातला पगार एकूण पगारापेक्षा अधिक वाढला. याला यश म्हणायला मी तयार आहे, पण एका अटीवर : त्याची किंमतही सांगितली गेली पाहिजे. करकपातीच्या रूपाने दिलेली पगारवाढ मालक देत नाही. ती सरकार देते, आणि सरकार ती त्याच तिजोरीतून देते जिच्यातून कामगाराच्या मुलाची शाळा आणि त्याच्या आईचे रुग्णालय चालते. प्राप्तिकर घटवलेल्या आयरिश सरकारचे उत्पन्न २००० नंतर घरबांधणीच्या तेजीतून येणाऱ्या मुद्रांक शुल्कासारख्या करांवर अधिकाधिक विसंबू लागले. २००८ मध्ये ती तेजी कोसळली, तसे ते उत्पन्नही कोसळले. मग पगारांवर नवा आकार आला, सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार कापले गेले, आणि २०११ मध्ये सार्वत्रिक सामाजिक आकार या नावाने नवी कपात पगारपत्रकावर दाखल झाली. वीस वर्षांत सवलत म्हणून मिळालेल्या रकमेचा काही भाग अशा रीतीने परत गेला, आणि त्या काळात न मागितलेली पगारवाढ मात्र मालकांकडेच राहिली.

अमेरिकेत याच नात्याने वेगळे वळण घेतले. युद्धकाळात १९४२ मध्ये पगार गोठवले गेले, पण विमा आणि निवृत्तिवेतनासारखे लाभ त्या बंदीतून वगळले होते. पुढे मालकाने कामगाराच्या आरोग्यविम्यासाठी भरलेली रक्कम कामगाराचे करपात्र उत्पन्न धरायची नाही, हे १९५४ च्या करकायद्याने पक्के केले. साहजिकच संघटनांनी आपला जोर तिकडे वळवला, कारण शंभर डॉलर पगारवाढीतून कर कापला जात होता आणि शंभर डॉलरच्या विम्यातून काहीच कापले जात नव्हते. वॉल्टर रॉयथर यांच्या नेतृत्वाखालील मोटार कामगारांच्या संघटनेने १९५० मध्ये जनरल मोटर्सशी केलेला पाच वर्षांचा करार या मार्गावरचा मैलाचा दगड मानला जातो. त्यात महागाईशी जोडलेली पगारवाढ, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा असे सगळे होते. ज्यांच्याकडे अशी नोकरी होती त्यांचे आयुष्य सुरक्षित झाले. परंतु ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांच्यासाठी सर्वांना विमा देणारी सरकारी व्यवस्था उभी करण्याचा रेटा त्यामुळे मंदावला, आणि आजारी मूल घरात असलेला माणूस केवळ विम्यासाठी नको असलेली नोकरी धरून राहू लागला. संघटनांनी काही वाईट हेतूने हे केले नाही. त्यांच्यापुढे कराच्या नियमाने जो रस्ता सोपा करून ठेवला होता, तो त्यांनी घेतला.

कराचा नियम संघटनेलाच बळ देऊ वा खच्ची करू शकतो, हे तर आकड्यांत दिसते. स्वीडनमध्ये बेकारांना भत्ता देणारे बेकारी निधी बऱ्याच अंशी संघटनांशी जोडलेले आहेत. तेथील नव्या सरकारने २००७ मध्ये संघटनेच्या वर्गणीवर आणि निधीच्या शुल्कावर मिळणारी करसवलत काढून टाकली आणि निधीचे शुल्कही बरेच वाढवले. २००६ मध्ये ७७ टक्के कामगार संघटित होते; २००८ मध्ये ते ७१ टक्क्यांवर आले. दोन वर्षांत सहा टक्के बिंदूंची ही घट कोणत्याही बंदीमुळे झालेली नाही. अमेरिकेत २०१७ च्या करकायद्याने २०१८ पासून कामगाराला संघटनेची वर्गणी उत्पन्नातून वजा करण्याची सोय बंद केली, मात्र कंपनीने संघटनेला रोखण्यासाठी नेमलेल्या सल्लागारांची फी व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होत राहिली. हा भेद मला उघड अन्याय वाटतो. नॉर्वेने उलट दिशेने जाऊन वर्गणीच्या वजावटीची कमाल मर्यादा २०२१ मधील ३८५० क्रोनवरून २०२३ पर्यंत ७७०० क्रोनवर, म्हणजे बरोबर दुप्पट केली.

वर्गणीवर चिडणाऱ्यांचे म्हणणे मी बारा वर्षे ऐकले आहे आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. “वाढ तर सगळ्यांनाच मिळते, मग मी पैसे का द्यायचे?” हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. एकाने कर बुडवला तरी रस्ता त्याच्यासाठी बंद होत नाही, तसेच एकाने वर्गणी दिली नाही तरी करारातली वाढ त्याला मिळते. फरक इतकाच की सरकारला वसुलीची सक्ती करता येते आणि संघटनेला बहुतेक ठिकाणी करता येत नाही. फ्रान्समध्ये दहापैकी जेमतेम एक कामगार संघटनेचा सभासद आहे, तरी तेथील बहुसंख्य कामगारांना सामूहिक करार लागू होतात, कारण सरकार ते करार संपूर्ण उद्योगाला लागू करते. तेथे लाभासाठी सभासद व्हावे लागत नाही, आणि म्हणून तो लाभ टिकवण्याचे काम थोड्याच लोकांच्या खांद्यावर राहते.

संघटनांच्या हातून झालेली चूकही सांगितली पाहिजे, कारण तिची किंमत शेवटी कामगारांनीच मोजली. अडचणीच्या काळात जुन्या सभासदांचा पगार वाचवण्यासाठी नव्याने येणाऱ्यांचा पगार कमी ठरवणे, ही त्यातली सर्वांत महागात पडलेली. अमेरिकेतील मोटार उद्योगात २००७ च्या करारांनी एकाच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांसाठी दोन वेगळे दर आणले. ज्याला कमी दर मिळाला, तो करारावर सही झाली तेव्हा त्या कारखान्यात नव्हताच, म्हणून त्याच्या वतीने बोलणारेही कोणी नव्हते. ही दरी बुजवण्यासाठी संघटनेला २०२३ मध्ये सहा आठवड्यांचा संप करावा लागला.

आमच्या कारखान्यातही एक तडजोड अशीच झाली होती, आणि तिचा कागद मी माझ्या हाताने भरला. वाहतूक विभागातील सतरा माणसे एका महिन्याच्या शेवटच्या तारखेला पगाराच्या यादीतून काढून ठेकेदारांच्या यादीत टाकली गेली. काम तेच, वाहने तीच, वेळाही त्याच. फक्त ती माणसे आता नोकर नव्हती, स्वतंत्र व्यावसायिक होती. कायम कामगारांच्या नोकऱ्यांना हात लावणार नाही असे आश्वासन मिळाल्यावर संघटनेने विरोध केला नाही. पहिल्या महिन्यात त्या सतरा जणांच्या बिलांत ना कर कापलेला होता ना वर्गणी, आणि हातात आलेली रक्कम पूर्वीपेक्षा मोठी दिसत होती. काहींना त्याचा आनंद झाला. मलाही त्यात चुकीचे काही दिसले नाही, हे लिहिताना आज बरे वाटत नाही.

एका शब्दाच्या बदलाने माणूस करकायद्याच्या आणि कामगार कायद्याच्या अशा दोन्ही छपरांखालून एकदम बाहेर येतो. नोकर म्हटले की अंशदानाचा अर्धा भाग मालकाचा, रजा पगारी, आणि एकत्र येऊन दर मागण्याचा हक्क. स्वतंत्र व्यावसायिक म्हटले की दोन्ही भाग स्वतःचे. अमेरिकेत ते मिळून १५.३ टक्के होतात. आणि त्यांनी एकत्र येऊन दर ठरवले, तर अनेक देशांत तो स्पर्धाविरोधी कट समजला जाऊ शकतो. म्हणजे १७९९ चा तो एकत्र येण्यावरच्या बंदीचा कायदा वेगळ्या नावाने परत आलेला असतो. मोबाइलवरून भाडी घेणाऱ्या चालकांबाबत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरविरुद्ध निर्णय दिला, तो याच शब्दावर होता. करारपत्रात काय लिहिले आहे यापेक्षा दर कोण ठरवतो आणि कामावर नियंत्रण कोणाचे आहे हे पाहिले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने त्या चालकांना किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क असल्याचे मान्य केले. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये अशा कामगारांविषयीचा निर्देश मंजूर केला.

आमच्या सतरा जणांच्या बाजूने असा कोणताही निकाल आला नाही. दोन वर्षांत त्यांचा दर दोनदा कमी झाला, आणि दोन्ही वेळा प्रत्येकाला स्वतंत्रपणे बोलावून सांगण्यात आले. त्यांच्यातले एक चालक दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला आले. निवृत्तीसाठीचा निधी त्यांना स्वतःच्या पैशांनी चालू ठेवायचा होता. अर्जात दोन रकाने होते, एक कामगाराच्या हिश्शाचा आणि दुसरा, ज्यात पूर्वी कारखान्याची रक्कम येत असे तो. त्यांनी बोट ठेवून विचारले, “इथे आता काय लिहायचे?” मी दोन्ही रकान्यांत त्यांचेच नाव लिहिले, आणि सही करण्यासाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.